१७ जानेवारी १७७३ : दक्षिण महासागरातील एक दिवस

#थ्रेड

१/ १७ जानेवारी १७७३. मध्यान्हीच्या सुमारास ‘रेझोल्यूशन’ आणि ‘ॲडव्हेंचर’ या दोन ब्रिटिश शिडाच्या जहाजांनी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. ज्ञात इतिहासात या वृत्तापलीकडे गेलेली ही पहिली जहाजे. मोहिमेचा नेता होता जेम्स कुक.

२/ शोध होता एका कल्पित दक्षिण खंडाचा. तो विशाल आणि संपन्न असेल, अशी युरोपातील अनेक विद्वानांची खात्री होती. दुपारी चारला डोलकाठीवरून ३८ हिमनग मोजले गेले. सहाच्या सुमारास, ६७°१५′ दक्षिण अक्षांशावर, बर्फाने वाट पूर्ण अडवली. खंड दिसलाच नाही.

३/ दिसले ते जीव. बर्फाच्या कडेने विहरणारे देवमासे आणि तपकिरी-पांढरे पक्षी. हे पक्षी याच प्रदेशाचे मूळ रहिवासी दिसतात, म्हणून त्यांना ‘अंटार्क्टिक पेट्रेल’ हे नाव मिळाले. जहाजावर निसर्गअभ्यासक योहान फोर्स्टर होते आणि चित्रे काढणारा त्यांचा १८ वर्षांचा मुलगा गेऑर्ग. पक्ष्याचा अभ्यास करायचा, तर त्या काळी तो आधी बंदुकीने टिपावा लागे.

४/ बरोबर दोन वर्षांनी, १७ जानेवारी १७७५ रोजी, कुक साउथ जॉर्जिया बेटावर उतरला. बेट त्याला भयाण आणि निरुपयोगी वाटले. तेथे सील मात्र विपुल होते. १७७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात ही नोंद आली.

५/ अभ्यासकांप्रमाणे व्यापाऱ्यांनीही ती वाचली. चीनमधील कँटनच्या बाजारात सीलच्या कातड्याला मोठी मागणी होती. १८००-०१ च्या एकाच हंगामात एडमंड फॅनिंगच्या जहाजाने ५७,००० कातडी नेली. आतापर्यंत या बेटावरून किमान १२ लाख कातडी गेली असावीत, असे जेम्स वेडेलने १८२५ च्या ग्रंथात नमूद केले. फर सील जवळजवळ नामशेष झाले.

६/ मग पाळी आली देवमाशांची. १९०४ मध्ये नॉर्वेच्या कार्ल अँटोन लार्सनने तेथे ग्रिटविकेन हे शिकारकेंद्र उभारले. १९६५ पर्यंत साउथ जॉर्जियावर १,७५,२५० देवमाशांची चरबी काढण्यात आली.

७/ पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेले. त्यांच्यासोबत तज्ज्ञ मार्गदर्शक होते. आजच्या वन्यजीव-सफरींचा पाया या प्रवासांनी घातला.

८/ आज या सागरातील प्रवासी डेकवर उभे राहून पक्षी ओळखतात आणि वहीत टिपतात. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून स्वच्छ करावे लागतात, कारण चिकटून आलेले एखादे परके बीही तेथे घातक ठरू शकते. साउथ जॉर्जियावर फर सील पुन्हा लाखोंच्या संख्येने आहेत.

९/ कुकने कोणत्याही प्राण्याच्या संहाराचा आदेश दिला नव्हता. त्याने केवळ प्रामाणिक नोंद केली. तिच्या मागोमाग शिकारी आले, तेव्हा त्यांना रोखणारा एकही कायदा त्या किनाऱ्यावर नव्हता. आज नोंद करणाऱ्यांच्या मागे तो आहे. दोन वह्यांमधील खरा फरक इतकाच.

(समाप्त)