विवर नसलेला ज्वालामुखी : रसायनीभोवतीच्या डोंगरवाटा

रसायनी हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे येतात ते कारखाने. १९६० मध्ये स्थापन झालेल्या 'हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स' या सरकारी कंपनीमुळे पाताळगंगेच्या काठी ही वसाहत नावारूपाला आली. २०१७ मध्ये तेथील कारखाना बंद करण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली, तरी रसायनांवरून पडलेले नाव कायम राहिले. मात्र या औद्योगिक पट्ट्याच्या चहूबाजूंनी उभे असलेले माणिकगड, कर्नाळा, प्रबळगड आणि इर्शाळगड हे डोंगर कारखान्यांपेक्षा कितीतरी जुन्या भट्टीतून निघालेले आहेत. खालापूर, कर्जत आणि पनवेल या तालुक्यांतील हे सारे कडे थंड झालेल्या लाव्हारसाचे आहेत.

येथे पहिल्यांदा येणारा भटक्या काळा दगड पाहून हमखास विचारतो, की मग ज्वालामुखीचे तोंड कोठे आहे? कर्नाळ्याचा सुळका म्हणजेच ते तोंड, माथेरानचे पठार म्हणजे बुजलेले विवर, अशी उत्तरेही ऐकायला मिळतात. वस्तुस्थिती अशी, की या डोंगरांत उतरून पाहावे असे ज्वालामुखीचे विवर एकही नाही. ते का नाही, हे समजले की येथील वाटा, पाणी, वस्त्या आणि धोके या चारही गोष्टींचा उलगडा होतो.

तोंड नव्हे, भेगा

ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचे धगधगते विवर, हे चित्र आपण पाठ्यपुस्तकांतून पाहिलेले असते. सह्याद्री तसा घडला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून अतिशय पातळ लाव्हा बाहेर आला आणि पाण्यासारखा पसरत गेला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थरावर थर साचले. 'दख्खन ट्रॅप' या नावाने ओळखला जाणारा हा खडक आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापतो. पश्चिम घाटाच्या बाजूला त्याची जाडी सर्वाधिक असून ती दोन किलोमीटरहूनही जास्त भरते.

ज्या भेगांमधून लाव्हा वर आला, त्यांतील काही भेगांत तो तसाच गोठून राहिला. खडकात उभ्या शिरलेल्या या भिंतींना भूशास्त्रात 'डाइक' म्हणतात. कोकणपट्टीत अशा डाइकची दाटी आहे. विवर शोधणाऱ्याने खरे तर या भिंती पाहाव्यात. ज्वालामुखीचे तोंड या प्रदेशापुरते म्हणायचे, तर ते हेच.

कर्जत परिसराचे या अभ्यासातील स्थान मोठे आहे. १९८०च्या दशकात पश्चिम घाटातील लाव्हाथरांची शास्त्रीय विभागणी झाली, तेव्हा खालच्या भागातील एका थरसमूहाला नेरळचे नाव देण्यात आले. जगभरचे भूशास्त्रज्ञ आज 'नेरळ फॉर्मेशन' असा उल्लेख करतात, तो कर्जत तालुक्यातील याच नेरळचा. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे गेली आणि पुढे रस्ते झाले. त्यांसाठी डोंगर कापताना हे थर उघडे पडले.

वाळवंटातील विवरे

खऱ्या विवरात उतरण्याची हौस असलेले पदभ्रमणकर्ते वाळवंटाची वाट धरतात. सौदी अरेबियात ताइफ शहराच्या ईशान्येला, लाव्हाच्या ओसाड मैदानात 'अल वाहबा' नावाचे विवर आहे. त्याची रुंदी सुमारे दोन किलोमीटर, खोली सुमारे अडीचशे मीटर आणि तळाशी पांढऱ्या क्षारांचा थर. उल्का आदळून हा खड्डा पडला, असे पूर्वी मानले जाई. पुढे संशोधनातून सिद्ध झाले, की वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि त्या स्फोटाने जमीन उडाली.

महाराष्ट्रात याच्या नेमके उलट घडले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसाल्ट खडकात असल्याने ते ज्वालामुखीचे विवर असावे, असा समज दीर्घकाळ होता. प्रचंड आघाताखेरीज तयार न होणारे काचरूप खनिज तेथे सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हे विवर उल्कापाताचे असल्याचे निश्चित झाले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. म्हणजे महाराष्ट्रात उतरता येईल असे जे प्रसिद्ध विवर आहे, ते ज्वालामुखीचे नाही; आणि ज्वालामुखीच्या खडकाने जो प्रदेश भरला आहे, तेथे विवर नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. १९९१ पासून तो अधूनमधून उद्रेक पावतो.

विवर आणि गड यांच्या चालीतही फरक आहे. विवरात आधी उतार आणि मग चढ. सकाळच्या गारव्यात सहज उतरलेला माणूस भर दुपारी, पाणी संपत आलेले असताना, चढू लागतो. गडावर आधी चढ आणि मग उतार. येथे दमलेल्या पायांनी निसरड्या वाटेवरून उतरताना अपघात होतात. दोन्हीकडे संकट येते ते परतीच्या वाटेवर.

पायऱ्यांचा देश

'ट्रॅप' हा शब्द 'जिना' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. रसायनीहून पूर्वेला पाहिले की तो किती नेमका आहे हे कळते. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, असा डोंगर वर चढत जातो.

याचे कारण थरांच्या रचनेत आहे. लाव्हाच्या प्रत्येक थराचा आतला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट व कठीण बनतो. पृष्ठभागाजवळ मात्र वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र राहतो. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल, तर खालच्या थराचा माथा कुजून माती होते आणि वरून आलेल्या लाव्हाने ती भाजून लाल पडते. घाटातल्या कापलेल्या कड्यांत विटकरी रंगाचा जो पट्टा दिसतो, तो हाच. कठीण भागाचा कडा होतो आणि मऊ भाग झिजून सपाटी तयार होते.

गडांच्या भाषेत या सपाटीला माची म्हणतात. किल्ले बांधणाऱ्यांनी हा जिना अचूक ओळखला होता. वरचा कातळकडा हा आयता तट, त्याखालची सपाटी म्हणजे माची आणि सर्वांत वर बालेकिल्ला. पावसाचे पाणी कठीण खडकाच्या चिरांमधून खाली झिरपते आणि पाणी न सोडणाऱ्या लाल थराशी आले की आडवे वळून बाहेर पडते. म्हणूनच झरे बहुधा कड्याच्या पायथ्याशी, माचीवर सापडतात. तेथे माती साचते, नाचणी-वरी पिकते, आणि म्हणूनच ठाकरवाड्याही तेथेच वसल्या.

या जिन्याचा उपयोग उद्योगानेही करून घेतला. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून वीज निर्माण करणारे टाटांचे खोपोली केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. वीज निर्माण झाल्यावर हे पाणी पाताळगंगेत सोडले जाते. रसायनीच्या कारखान्यांना वर्षभर वाहती नदी मिळाली, ती या पायरीमुळे.

चार गड, चार रूपे

कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून ओळखू येतो. भोवतालचा खडक झिजून गेल्यावर उरलेला हा सुमारे ३८ मीटर उंचीचा बेसाल्टचा खांब आहे. त्याच्या पायाशी पाण्याची टाकी खोदलेली असून कड्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो स्वराज्यात परतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

प्रबळगड हे विस्तीर्ण आणि गर्द झाडीचे पठार आहे. लाव्हाची एक संपूर्ण पायरी कशी दिसते, हे पाहायचे असेल तर प्रबळमाचीवर उभे राहून वरचा कडा पाहावा. शेजारच्या कलावंतिणीच्या सुळक्यावर कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. एका बाजूला खोल दरी आणि कठड्याचा अभाव, त्यामुळे गर्दीच्या दिवशी ही वाट धोक्याची ठरते.

इर्शाळगडाच्या माथ्यावर आरपार भोक आहे. मराठी मुलखात त्याला नेढे म्हणतात. खडकातील कमकुवत भाग वारा-पावसाने झिजून गेला की असे नेढे पडते.

माणिकगड रसायनीला सर्वांत जवळचा. झाडीतून जाणारी लांबलचक, फाटे फुटणारी वाट हे त्याचे वैशिष्ट्य. येथे कड्यापेक्षा वाट चुकण्याचे भय अधिक.

इर्शाळवाडीचा धडा

इर्शाळगडाच्या माचीवर इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती होती. गडावर जाणारे भटके याच वाडीत पाणी पीत आणि येथूनच वाटाड्या घेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री, वाडी झोपेत असताना, वरच्या उतारावरील माती आणि दगडांचा लोट घरांवर आला. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. यंत्रे वर नेणे अशक्य होते आणि पावसात हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. बचावपथकांनी पायी चढून कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसला. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले, तोवर २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये ही गावे अशीच गाडली गेली होती. तिन्ही गावे दख्खन ट्रॅपच्या उतारावर होती आणि तिन्ही दुर्घटना जुलैच्या मुसळधार पावसातल्या.

ज्या रचनेमुळे माचीवर वस्ती शक्य होते, तीच येथे उलटू शकते. एरवी झऱ्याला पाणी पुरविणारा झिरपा अतिवृष्टीत कड्याखालच्या मातीत इतका भरतो, की माती जड होते आणि खडकावरची तिची पकड सुटते. डोंगर जुना आहे म्हणून तो स्थिर आहे, असे मानणे चुकीचे. सह्याद्रीचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी निवला असला, तरी त्याची झीज दर पावसाळ्यात चालू असते.

भटक्यांनी काय पाळावे

जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब एका बाजूला कलणे, स्वच्छ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणे किंवा वाहता झरा एकाएकी थांबणे, या दरड कोसळण्याच्या पूर्वसूचना आहेत. त्यांपैकी एकही दिसली तर त्या उताराखालून बाजूला व्हावे आणि वाडीतील लोकांना व तहसील कार्यालयाला कळवावे. सलग दोन-तीन दिवस अतिवृष्टी झाली असेल, तर पाऊस उघडला तरी लगेच कड्याखालच्या वाटेने जाऊ नये. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन वेळोवेळी काही गड व धबधब्यांवर बंदी घालते. निघण्यापूर्वी त्याची खात्री करावी.

मार्च ते मे या काळात धोका वेगळा. काळा कातळ तापतो, झरे आटतात, टाक्यांतील पाणी पिण्याजोगे राहत नाही. वाळवंटातील विवरात उतरणाऱ्याचा नियम तेव्हा येथेही लागू पडतो : माणशी किमान तीन ते चार लिटर पाणी, पहाटेची सुरुवात, आणि निम्मे पाणी संपण्याआधी परतीची वाट. कर्नाळ्यावर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. मधमाश्या उठल्यास उघड्या कड्यावर पळायला जागा नसते. वाडीतला वाटाड्या घेतल्यास वाट चुकत नाही आणि चार पैसे गावात राहतात.

कसे जावे?

माणिकगड : रसायनी-मोहोपाडा मार्गे वाशिवली. रसायनी स्थानक पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आहे.

कर्नाळा : पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने कर्नाळा पक्षी अभयारण्य. गडाची वाट अभयारण्यातून जाते. प्रवेश शुल्क आणि वेळ यांचे बंधन आहे.

प्रबळगड व कलावंतीण : पनवेलहून शेडुंग मार्गे ठाकूरवाडी, तेथून पायी प्रबळमाची.

इर्शाळगड : पनवेल-कर्जत मार्गावरील चौक, तेथून नानिवली. वाटेवर इर्शाळवाडीची जागा लागते. ढिगाऱ्याखालील अनेकांचे मृतदेह कधीच बाहेर काढता आले नाहीत. तेथून जाताना ते सहलीचे ठिकाण नाही, याचे भान ठेवावे.