वणव्याआधीचा आराखडा

वणवा पेटल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो वस्तीला भिडू नये अशी तजवीज आधीच करावी, या हेतूने अमेरिकेत २००३ च्या वनकायद्याने ‘सामुदायिक वणवा संरक्षण आराखडा’ आखण्यास चालना दिली. स्थानिक प्रशासन, अग्निशमन दल आणि राज्याचे वन खाते या तिघांची त्यास संमती लागते. कोठला वाळला पाला व झुडपे आधी काढायची, हे त्यात ठरते. घरे सहज पेटू नयेत यासाठीचे उपायही सुचवावे लागतात, आणि तेच अधिक मोलाचे. कारण घरे बहुधा वाऱ्यावर उडालेल्या निखाऱ्यांनी पेटतात. पन्हळीत साचलेला पालाही त्यांना पुरतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज व परिसरात वणव्याने ८५ बळी घेतले. तेथे विभागवार स्थलांतराची आखणी झालेली होती. परंतु बाहेर पडण्याच्या मोजक्या रस्त्यांवर वाहनांची कोंडी झाली.