पलीकडच्या जागल्याची खात्री

नगरपालिकेच्या निविदा शाखेत मी एकतीस वर्षं काढली. सफाईच्या करारात आम्ही कामगार किती, गाड्या किती, फेऱ्या किती एवढंच लिहायचो. पुढे वरून सांगणं आलं की माणसं मोजू नका, परिणाम मोजा. मग मीच मसुदा केला: सकाळी आठनंतर प्रभागात कचऱ्याचा ढीग दिसला की दंड. काहीतरी नवं लिहिल्यासारखं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर कंपनी सरकारच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या अधिकाऱ्याचा अहवाल हाती आला आणि तो तोरा उतरला. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली, जिंकलेल्या मुलखाविषयी त्याने तो लिहिला. त्यात गावच्या जागल्याचं काम सांगितलं आहे. हे काम बऱ्याच गावी महाराकडे, पुण्याच्या बाजूला रामोशाकडे, खानदेशात भिल्लाकडे असे. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं, कोण गेलं ते ध्यानात ठेवायचं. पण गस्तीच्या फेऱ्या कुणी मोजत नसे. चोरी झाली की चोर तरी दाखवायचा, नाहीतर माल भरून द्यायचा.

यातून सुटायची वाट एकच, ती म्हणजे माग. पावलांचा माग काढत जागल्या शिवेपर्यंत जाई. चोर पलीकडे गेला हे त्याने दाखवून दिलं की त्याची जबाबदारी संपे आणि पुढच्या गावच्या जागल्याची सुरू होई. असं गावामागून गाव. ज्या शिवेत माग हरवला, भरपाई त्या गावाच्या बोकांडी. जागल्याच्या ऐपतीप्रमाणे आधी त्याच्याकडून, उरलेली साऱ्या गावाकडून.

एल्फिन्स्टनला हे अन्यायाचं वाटलं. चोरी रोखणं गावाच्या हाती असेलच असं नाही, आणि नुकसान भरायची ताकदही नसेल. तोच सांगतो की पुरी वसुली क्वचितच होई, बहुधा काही दंडावर भागे. हयगय किंवा संगनमत दिसलं तर मात्र पाटलाचं किंवा जागल्याचं इनाम काढून जवळच्या नातलगाला देत. इतकी कडक अट का? कारण कधी जागल्याच चोर निघे, कधी पाटीलच चोराला थारा देई.

या अटीमागे बलुत्याचं धान्य होतं, इनामाची जमीन होती. जबाबदारी जड होती, पण हक्कही पिढीजात होता. कंपनी सरकारने किल्ल्यांवरच्या रामोशांच्या चाकऱ्या आणि हक्क मोडले, तेव्हा पुरंदरच्या मुलखातून रामोशी उमाजी नाईक बंड करून उठले. १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी दिलं. पुढे १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यात पाटलाची कर्तव्यं लिहिली गेली: गुन्ह्याची खबर द्या, तपास करा. म्हणजे पुन्हा फेऱ्या मोजणं आलं.

आता माझ्या मसुद्याचं काय झालं ते सांगतो. पहिल्याच महिन्यात आमचा प्रभाग लखलखला. दंड शून्य, ठेकेदार खूश, साहेब खूश. तिसऱ्या आठवड्यात नाल्यापलीकडच्या प्रभागाचा मुकादम तणतणत टेबलाशी आला. रात्री दोन वाजता आमची गाडी नाला ओलांडून ढीग त्याच्या हद्दीत ओतून येत होती. मी करार पुन्हा पुन्हा चाळला. ढीग आमच्या प्रभागात दिसत नव्हता, म्हणजे अटीचा भंग कुठेच नव्हता. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

त्या दिवशी काय चुकलं, ते मला अहवालातल्या एका ओळीने दाखवलं. माग पलीकडे गेला असं जागल्याने नुसतं म्हणून भागत नसे. पलीकडच्या जागल्याची तशी खात्री पटावी लागे. माझ्या अठ्ठावीस पानी करारात शिक्के होते, दंडाचे दर होते, लवादाचं कलम होतं. शेजारच्या मुकादमाच्या सहीला मात्र जागा ठेवली नव्हती.