हुकाँग खोऱ्यातील तृणमणी आणि रक्तपिपासू वालुमक्षिका : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

रोगांचा इतिहास लिहिताना अभ्यासकास बखरी, प्रवासवर्णने, वसाहतकालीन वैद्यकीय अहवाल अशा लिखित साधनांवर विसंबावे लागते. काही रोगांचे पुरावे मात्र माणसाच्या अवतरणाच्याही फार पूर्वीचे आहेत. उत्तर ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, तृणमण्यात सापडलेली 'पॅलिओमायिया बर्मायटिस' ही नामशेष वालुमक्षिका असाच एक पुरावा होय. हा पुरावा नेमके काय सांगतो आणि तो अभ्यासकांच्या हाती कोणत्या वाटेने आला, हे दोन्ही प्रश्न एकत्रच तपासावे लागतात.

वालुमक्षिका, म्हणजे आरोग्यखात्याच्या भाषेतील सँडफ्लाय, डासाहूनही लहान व केसाळ असते. रक्त शोषते ती केवळ मादी. काळा आजाराचे परजीवी लीशमन व मद्रास येथील डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी रोनाल्ड रॉस यांनी त्यास 'लीशमॅनिया डोनोव्हानी' हे नाव दिले. तरीही वाहक कोण, हा प्रश्न पुढे दोन दशके अनुत्तरित राहिला. १९२४ मध्ये कलकत्त्यात नोल्स, नेपियर व स्मिथ यांनी वालुमक्षिकेच्या शरीरात या परजीवीची वाढ होते असे दाखविले. परंतु तिच्या दंशाने माणसास रोग होतो, हे आसाममधील प्रयोगांतून स्वामीनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी १९४२ मध्ये सिद्ध केले. महाराष्ट्रासही हा कीटक परका नाही. नागपूरजवळील चांदीपुरा गावावरून नाव पडलेला, १९६५ मध्ये प्रथम आढळलेला विषाणू वालुमक्षिकाच पसरवितात.

तृणमण्याच्या वयाचा वाद

तृणमणी, अर्थात अंबर, हा प्राचीन वृक्षांचा अश्मीभूत राळसदृश स्राव. घासल्यावर तो गवताची काडी ओढून घेतो, म्हणून संस्कृतात तृणमणी. फारसीतील 'कहरुबा' या शब्दाचा अर्थही हाच. हुकाँग खोऱ्यातील तृणमणी दागिन्यांसाठी चीनमध्ये दीर्घकाळ जात असे. शास्त्रीय नोंद मात्र इंग्रजी सत्तेच्या मागोमाग झाली. १८८६ मध्ये उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानास जोडण्यात आला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या फ्रिट्झ नोएटलिंग यांनी १८९३ मध्ये या खनिजाचे वर्णन प्रसिद्ध केले. साम्राज्याला खाणींचा हिशेब हवा होता. कीटक त्या हिशेबात नव्हते.

कीटकांकडे लक्ष वेधले गेले ते मंडालेचे आर. सी. जे. स्विनहो यांच्यामुळे. त्यांनी पाठविलेल्या तुकड्यांतील कीटकांचे वर्णन अमेरिकेतील टी. डी. ए. कॉकरेल यांनी १९१६ पासून केले. हे कीटक फारच आदिम घडणीचे आहेत, तेव्हा तृणमणी ज्या मातीत मिळतो तिच्याहून तो जुना, कदाचित क्रिटेशस कालखंडातील असावा, असा त्यांचा तर्क होता. भूवैज्ञानिकांनी तो मानला नाही. रंगून विद्यापीठातील एच. एल. छिब्बर यांच्या १९३४ च्या ग्रंथानंतर इओसीन हेच वय दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. २०१२ मध्ये सभोवतालच्या खडकातील झिर्कॉन स्फटिकांच्या मापनातून सुमारे ९.८८ कोटी वर्षे हे वय निश्चित झाले आणि कॉकरेल यांचा तर्क खरा ठरला. थर वाचणारे चुकले, कीटक वाचणारा चुकला नाही.

पुराव्याचे बळ आणि मर्यादा

ऑरेगन राज्य विद्यापीठाचे जॉर्ज पॉइनर यांनी २००४ मध्ये 'पॅलिओमायिया बर्मायटिस'चे वर्णन केले. त्याच वर्षी रॉबर्टा पॉइनर यांच्यासह त्यांनी रक्त प्यालेल्या एका मादीच्या सोंडेत व अन्ननलिकेत लीशमॅनियासदृश परजीवी आढळल्याचे प्रसिद्ध करून त्यांस 'पॅलिओलीशमॅनिया प्रोटेरस' हे नाव दिले. दुसऱ्या एका लेखात कीटकाच्या आतड्यातील रक्तपेशींची चर्चा आहे. या पेशींना केंद्रक होते. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या पेशींत केंद्रक नसते, सरीसृपांच्या पेशींत असते. त्यावरून भक्ष्य सरीसृप असावे असा निष्कर्ष निघाला.

येथे सावधगिरी आवश्यक आहे. सरीसृप म्हणजे डायनोसॉरच असे नव्हे. एखादा सरडाही असू शकेल. परजीवीची ओळखही केवळ आकारावरून पटविलेली आहे. २००८ च्या ग्रंथात पॉइनर दांपत्याने कीटकजन्य रोगांनी डायनोसॉरांच्या ऱ्हासास हातभार लावला असावा असे मत मांडले. ते विचारप्रवर्तक असले तरी एका कीटकाच्या पोटावरून एवढा मोठा निवाडा करता येणार नाही. दंश, रक्त आणि परजीवी ही साखळी क्रिटेशस काळात अस्तित्वात होती, एवढे म्हणणेही पुरेसे मोलाचे आहे.

अशा कीटकातून डीएनए मिळविण्याची कल्पना १९९३ च्या 'जुरासिक पार्क' चित्रपटाने घरोघरी नेली. त्याच वर्षी पॉइनर यांचा सहभाग असलेल्या एका गटाने लेबनॉनच्या तृणमण्यातील सोंडकिड्याचा डीएनए मिळाल्याचे जाहीर केले होते. परंतु लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधील संशोधकांना तृणमण्यातील इतर कीटकांपासून असा डीएनए मिळविता आला नाही, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले.

खाणी आणि संघर्ष

गेल्या काही दशकांत या तृणमण्यातून दोन हजारांहून अधिक नव्या जाती वर्णिल्या गेल्या. हे सर्व संशोधन ज्या खाणींवर उभे आहे त्या काचिन राज्यात आहेत, आणि तेथे लष्कर व काचिन सशस्त्र गट यांचा संघर्ष जुना आहे. २०१७ च्या जूनमध्ये लष्कराने तनाई परिसरातील खाणी ताब्यात घेतल्या. त्यानंतर बाहेर पडलेल्या तृणमण्यावरील लेख छापू नयेत, असे आवाहन सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी या संस्थेने २०२० मध्ये नियतकालिकांना केले. सर्व संशोधकांनी ते मान्य केले नाही. २००४ मध्येच वर्णन झालेली वालुमक्षिका या कालमर्यादेच्या आधीची. स्विनहो यांचे तुकडे तर साम्राज्यकाळातच ब्रिटनला गेले, आणि त्यांच्याविषयी तेव्हा कोणी प्रश्न विचारला नाही.

म्यानमारच्या कायद्यात जीवाश्मांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत, पण तृणमण्याची गणना रत्नात होते. त्यामुळे पोटात कीटक असलेला खडा रत्न म्हणून सीमा ओलांडतो आणि जीवाश्म म्हणून त्याची नोंद बहुधा परदेशातच होते.