मुलांची पंगत आणि इरॅस्मसचा उपदेश

मुलांस जेवावयास कसें बसावें हें शिकविणें ही इतकी घरगुती गोष्ट आहे कीं, तिलाहि इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आई सांगते, मूल विसरतें, आई पुन्हां सांगते. यांत इतिहासकारानें लक्ष घालावें असें काय आहे? तथापि युरोपांतील एका थोर पंडितानें उतारवयांत याच विषयास हात घातला, आणि त्याच्या उपदेशाचा शेवट आम्हांस आजहि मननीय वाटतो.

हा पंडित म्हणजे रॉटरडॅमचा इरॅस्मस. १५१६ सालीं नव्या कराराची ग्रीक संहिता संपादून प्रसिद्ध करणारा हा विद्वान् १५३० सालीं मुलांच्या सभ्य वर्तनावर लॅटिन भाषेंत एक लहानसें पुस्तक लिहितो, आणि तें हेन्री नांवाच्या एका सरदारपुत्रास अर्पण करितो. पुस्तकाचीं प्रकरणें सात. पैकीं चौथें भोजनाविषयीं आहे. दोनच वर्षांत त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें, आणि पुढें कित्येक पिढ्या तें शाळांतून वाचलें गेलें.

त्यांतील नियम वाचतांना आपल्याच घरांतील वडील माणसें बोलत आहेत असा भास होतो. जेवणापूर्वीं हात धुवावे. बसतांच अन्नावर तुटून पडूं नये. माखलेलीं बोटें चाटूं नयेत किंवा अंगरख्यास पुसूं नयेत. तोंडांत घास असतां पाणी पिऊं नये. पुढें केलेला पदार्थ तीन बोटांनीं घ्यावा असेंहि तो सांगतो. कारण प्रत्येक ताटाशीं कांटा ठेवण्याचा प्रघात त्या काळीं उत्तर युरोपांत पडलेला नव्हता. कांटाचमचा म्हणजेच सभ्यता, अशी समजूत आपल्याकडे एके काळीं बरीच बळावली होती. सभ्यतेचें हें गाजलेलें क्रमिक पुस्तक मात्र हातानें जेवणाऱ्या मुलांसाठींच लिहिलेलें होतें!

वडिलांचे कानहि इरॅस्मसनें उघडले आहेत. मुलांस उपाशी ठेवणारे आणि त्यांस कोंबकोंबून खाऊं घालणारे, दोघेहि त्याच्या मतें सारखेच अविचारी.

परंतु खरें मर्म शेवटीं आहे. आईबाप किंवा देश कोणास निवडतां येत नाहीं. स्वभाव आणि रीत मात्र ज्याची त्यास घडवितां येते, असा त्याचा आशय आहे. हें लिहिणारा स्वतः एका धर्मोपाध्यायाचा विवाहबाह्य पुत्र होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या वाक्यामागील वेदना कळते. पुढें तो म्हणतो कीं, आपण चुकूं नये, पण दुसऱ्याची चूक सहज पोटांत घालावी. अज्ञानानें चुकणाऱ्या सोबत्यास सांगणेंच झालें तर एकांतीं, गोडीनें सांगावें.

आमच्या मतें शिष्टाचाराची कसोटी हीच होय. आपल्याकडे पंक्तीचे नियम मुलांस कसोशीनें शिकविले गेले. पण त्यांबरोबर कोणाच्या पंक्तीस बसूं नये, हेंहि शिकविलें गेलें. जी रीत मुलाचा हात स्वच्छ करिते पण मनांत तुच्छता पेरिते, तिला संस्कार कसें म्हणावें ? शेजारच्या मुलाच्या हातून वाटी सांडली असतां आपलें मूल हंसतें कीं आपली वाटी पुढें करितें, एवढें पाहिलें म्हणजे आम्हीं त्यास काय शिकविलें हें कळून येईल.