भारतातील विमानतळांवरील नियमांची अंमलबजावणी

भारतातील विमानतळांवर नियम राबविण्याचे काम एकाच यंत्रणेकडे नसून ते नियामक संस्था, सुरक्षा दल, विमान कंपन्या आणि स्थानिक पोलीस यांच्यात विभागलेले आहे. नियम कोणी मोडला आणि तो विमानतळाच्या आवारात मोडला की विमानात, यावरून कारवाई कोण करणार हे ठरते.

यंत्रणा

विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) करते, तर घातपात व अपहरण रोखण्यासाठीचे निकष नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो (बीसीएएस) ठरवते. डिसेंबर १९९९ मधील कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आली. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून त्याची सुरुवात झाली. हे दल तपासणी करते व संशयितास ताब्यात घेते, मात्र गुन्हा नोंदवून पुढील तपास स्थानिक पोलीस करतात. उदाहरणार्थ, प्रवाशाच्या सामानात विनापरवाना काडतूस सापडल्यास प्रकरण शस्त्र अधिनियम, १९५९ खाली पोलिसांकडे जाते.

विमानतळ चालक व विमान कंपन्या

१४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीतील धुक्यामुळे इंडिगोचे गोवा–दिल्ली विमान मुंबईकडे वळविण्यात आले. त्याला टर्मिनल इमारतीपासून दूरची जागा देण्यात आली होती. आधीच्या विलंबाने त्रासलेले प्रवासी खाली उतरले आणि विमाने उभी करण्याच्या मोकळ्या जागेतच बसून जेवले. चित्रफितीमुळे प्रकरण गाजले ते प्रवाशांच्या हालांसाठी. नियामकांनी मात्र सुरक्षेच्या त्रुटीवरही बोट ठेवले, कारण हे प्रवासी पुन्हा तपासणी न होताच विमानात चढले होते. बीसीएएसने इंडिगोला १ कोटी २० लाख रुपये आणि मुंबई विमानतळ चालक कंपनीला ६० लाख रुपये दंड केला. डीजीसीएने विमानतळ चालकास आणखी ३० लाखांचा दंड ठोठावला.

प्रवासी

मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांचा एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याशी झालेला मारहाणीचा प्रकार देशभर गाजला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीजीसीएने विमानप्रवास बंदीचे नियम जाहीर केले. त्यांनुसार शाब्दिक गैरवर्तनासाठी ३ महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनासाठी ६ महिन्यांपर्यंत, तर जिवाला धोका निर्माण करणाऱ्या कृत्यासाठी किमान २ वर्षे बंदी घालता येते. निर्णय निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील, विमान कंपनीने नेमलेली समिती घेते. तिने ३० दिवसांत निर्णय न दिल्यास प्रवासी प्रवासास मोकळा होतो. निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येते. एका कंपनीची बंदी इतर कंपन्यांवर बंधनकारक नसते. विमानतळाच्या आवारातील गैरवर्तन या नियमांत येत नाही. तेथे दंडविधानाच्या तरतुदी लागू होतात.

बंदी आणि फौजदारी शिक्षा या स्वतंत्र बाबी आहेत. बंदीच्या राष्ट्रीय यादीत सर्वप्रथम नोंद झालेल्या प्रवाशावर ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई–दिल्ली विमानात अपहरणाची धमकी देणारी चिठ्ठी ठेवल्याचा आरोप होता. अपहरणविरोधी अधिनियम, २०१६ खाली विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये त्याला जन्मठेप व ५ कोटी रुपये दंड सुनावला. गुजरात उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही शिक्षा रद्द करून त्याची निर्दोष मुक्तता केली.