कर्जत-खालापूरमध्ये स्मार्ट शहर कसे घडेल? आधी पाणी आणि डोंगर, मग इमारती

स्मार्ट सिटी म्हटले की सीसीटीव्ही, मोफत वायफाय आणि मोबाइल अ‍ॅप आठवतात. पण नगररचनेच्या दृष्टीने स्मार्ट शहराची पहिली खूण वेगळी आहे. इमारती उभ्या राहण्याआधी रस्ता, पाणी, गटार आणि मोकळी जागा ठरलेली असणे, ही ती खूण. मुंबई आणि पुण्याच्या मधल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत हे आधी ठरवायची संधी अजून आहे.

हे तालुके स्मार्ट सिटी योजनेत आहेत का?

नाही. केंद्राचे स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ रोजी सुरू झाले. त्यातील १०० शहरांत महाराष्ट्रातील पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही आठ शहरे होती. ही सगळी आधीच वसलेली शहरे. कर्जत-खालापूरमध्ये शहर आत्ता वाढते आहे.

शहर इकडे का सरकते आहे?

कर्जत-खोपोलीपर्यंत लोकल आहे आणि खालापुरातून द्रुतगती मार्ग जातो. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचे काम हाती घेतले गेले. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्यामुळे भातशेतीच्या जागी सेकंड होम आणि टाउनशिप येत आहेत.

‘नैना’ म्हणजे काय?

विमानतळाभोवतीची वाढ नियोजनबद्ध व्हावी म्हणून जानेवारी २०१३ मध्ये ‘नैना’ क्षेत्र जाहीर झाले आणि नियोजन सिडकोकडे आले. मूळ २७० गावांत या दोन तालुक्यांतील गावेही होती. पुढे हद्द बदलत गेली. येथील नगररचना योजनेत विखुरलेल्या जमिनी एकत्र करून ४० टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून मालकाला परत मिळते. उरलेल्या जमिनीत रस्ते, उद्याने, शाळा वगैरे होतात. जमिनीचा वाटा आणि विलंब यांवरून शेतकऱ्यांनी विरोधही केला आहे.

पाण्याचे गणित काय?

नवी मुंबईला पाणी देणारे मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे. पाताळगंगेला खोपोलीच्या आणि पेज नदीला भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी मिळते. म्हणून नव्या वसाहतीला परवानगी देताना पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, हे आधी ठरायला हवे. नाहीतर पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टँकर, अशी गत होते.

इर्शाळवाडीने काय शिकवले?

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या या ठाकूरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे डोंगरउतार, ओढे आणि आदिवासी वाड्या यांची अचूक नोंद हा नियोजनाचा पाया आहे. कुठे बांधायचे, याआधी कुठे बांधायचे नाही, हे नकाशावर दिसले पाहिजे.

घर घेताना काय पाहावे?

महारेरा नोंदणी, विकास आराखड्यातील झोन दाखला, पाण्याचा स्रोत आणि सांडपाण्याची सोय तपासा. जागेवरून ओढा वाहतो का, हे एकदा भर पावसात जाऊन पाहा. ब्रोशरमधला फोटो बहुधा हिवाळ्यातला असतो.